वासरांत लंगडी गाय

साउथफील्ड्स स्टेशनात उतरा. डब्यातले निम्मे लोक इथेच उतरतील, त्यांच्या मागोमाग चालत राहिलात तरी पुरे. आज सोमवार, २५ जून १९७३. मोबाइल इथे चालणार नाही. डोक्यात साठवलेले निकालही गाडीतच विसरून या. पुढच्या दोन आठवड्यांत काय होणार ते तुम्हाला माहीत नाही, एवढी एकच अट. ती मोडायची असेल तर आत्ताच परत फिरा, कारण मग या फेरीत काही राम नाही.

स्टेशनाबाहेर पेपर घ्या. सुट्टे देताना गोंधळ होईल. शंभर पेन्सचा पौंड होऊन दोनच वर्षं झाली आहेत आणि पेपरवाला अजून मनातल्या मनात शिलिंगातच हिशेब करतो. खेळाचं पान उघडा. बारीक टायपात छापलेली १२८ नावं दिसतात का? तो विम्बल्डनच्या पुरुष एकेरीचा ड्रॉ. पेन्सिल कानावर ठेवा आणि चालायला लागा.

चर्च रोडवरची रांग पाहून तुमच्या तोंडून "अरे देवा" निघून जाईल, आणि पुढे उभे असलेले गृहस्थ गर्रकन मागे वळतील.

"मराठी का?"

मूळचे दादरचे, पेशाने डॉक्टर. आठ वर्षं इथल्या इस्पितळात आहेत आणि दर जूनमध्ये एक दिवस रजा टाकून इथे येतात. हातात थर्मास, काखेत छत्री.

"या वर्षी कशाला आलात हो? सगळे बडे गडी बाहेर बसलेत. स्मिथ नाही, न्यूकम्ब नाही, रोझवॉल नाही, अ‍ॅश नाही. आता जिंकेल तो कोण? वासरांत लंगडी गाय शहाणी, दुसरं काय!"

मग तुम्ही का आलात, हे डॉक्टरांना विचारू नका. सवय, म्हणतील.

बडे गडी बाहेर का बसले, ते मात्र नीट ऐकून घ्या. युगोस्लावियाचा निकी पिलिच मे महिन्यात न्यूझीलंडविरुद्धची डेव्हिस कपची लढत खेळला नाही. त्याच्या देशाच्या संघटनेचं म्हणणं, याने येतो म्हणून सांगितलं होतं. पिलिच म्हणतो, पक्का शब्द दिलाच नव्हता. संघटनेने नऊ महिन्यांची बंदी घातली. आंतरराष्ट्रीय महासंघाने ती एका महिन्यावर आणली, पण तो महिना असा बसवला की विम्बल्डन बरोबर त्यात अडकावं. खेळाडूंनी आपली संघटना काढली होती गेल्याच सप्टेंबरात. क्लिफ ड्रिसडेल अध्यक्ष, जॅक क्रेमर कारभारी. नऊ महिन्यांच्या या पोरसवदा संघटनेने हाय कोर्टाचं दार ठोठावलं, तिथे काही हाती लागलं नाही. मग प्रश्न आला तो सरळ होता: कोणी कुठे खेळायचं हे खेळाडू ठरवणार, की ब्लेझर घातलेले संघटनावाले? ८१ खेळाडूंनी नावं मागे घेतली. सोळा मानांकितांपैकी तेरा गेले, त्यांत गतविजेता स्टॅन स्मिथही. मग क्लबने मानांकनं सोळाची आठ केली आणि पात्रता फेरीत हरलेल्यांना परत बोलावून भोकं बुजवली.

माझं मत विचाराल तर पिलिचसाठी बाहेर बसणाऱ्यांचं चुकलं नाही. पण आपण इथे न्याय करायला आलेलो नाही. आपल्याला विजेता ओळखायचा आहे. डॉक्टरांनी पैजही लावली आहे, एका कप चहाची. फाटकाशी पोचेपर्यंत एक नाव सांगायचं.

आता अडचण बघा. तुम्हाला सवय आहे क्रमवारीची. कोण कितवा, किती गुण, गेल्या वर्षभरात काय केलं, सगळं बोटाच्या टोकाशी. इथे ते नाही. संगणकाने काढलेली पहिली क्रमवारी यायला अजून दोन महिने आहेत. मानांकनं क्लबची समिती ठरवते, आणि समितीलाही कान असतात, आवडीनिवडी असतात. तेव्हा पेपर उलगडा आणि स्वतःचं डोकं चालवा. हा मटका नव्हे, इथे आकडा स्वप्नात येत नाही.

डॉक्टरांनी नाव सांगून टाकलं आहे: इली नास्तासे. पहिलं मानांकन. नाही म्हणायला जागाही कमीच. गेल्या वर्षी याच कोर्टावर अंतिम सामन्यात स्मिथने त्याला पाचव्या सेटमध्ये ७-५ असं हरवलं, आणि नंतर फॉरेस्ट हिल्सला गवतावरच अमेरिकन स्पर्धा नास्तासेने जिंकली. या महिन्यात पॅरिसला तर एकही सेट न गमावता विजेता झाला. अंतिम फेरीत समोर कोण होतं माहीत आहे? निकी पिलिच. ६-३, ६-३, ६-०. ज्याच्यासाठी सगळे घरी बसले, त्याला धुऊन काढणारा इथे पहिला मानांकित म्हणून उभा आहे. नास्तासे त्याच संघटनेचा सभासद. आपल्या देशाच्या संघटनेचा हुकूम आहे, म्हणून खेळतो, असं त्याचं म्हणणं. इंग्लिश प्रेक्षक त्याला टाळ्या देणार, आणि ज्यांच्याबरोबर वर्षभर विमानातून हिंडायचं ते मित्र देणार नाहीत. हात त्याचा जादूगाराचा आहे. पण मनात कुसळ रुतलेलं असताना सात सामने? माझी पेन्सिल तिथे अडखळते. तुमची?

नास्तासेच्याच, म्हणजे ड्रॉच्या वरच्या अर्ध्यात जिमी कॉनर्स आहे, वीस वर्षांचा, डावखुरा, बॅकहँडला दोन्ही हात लावून चेंडूवर तुटून पडणारा. हा पुढे कोणीतरी होणार हे आंधळ्यालाही कळेल. पण पुढे म्हणजे कधी, ते पेपरात छापलेलं नसतं. तीच गत खालच्या अर्ध्यातल्या ब्यॉर्न बोर्गची. सतरा वर्षं वय, गेल्या वर्षी इथेच मुलांची स्पर्धा जिंकला. रांगेत शाळकरी मुलींचा जो कलकलाट चालला आहे तो त्याच्यासाठी. डॉक्टर म्हणतात, "केस बघा त्याचे!" केसांवर पैज लावायची नसते.

कॉनर्सच्याच वाटेवर अलेक्स मेत्रेवेली आहे. तिबिलिसीचा, सोव्हिएत संघाकडून खेळणारा, अठ्ठावीस वर्षांचा. खेळाडूंच्या संघटनेशी त्याचा संबंध नाही, त्यामुळे बहिष्काराचं ओझंही नाही. गेल्या वर्षी ऑस्ट्रेलियात, गवतावर, उपांत्य फेरीपर्यंत गेला होता. याच्याबद्दल कोणी फार बोलत नाही. नावाखाली एक बारीक रेघ मारून ठेवा.

खालच्या अर्ध्यात रॉजर टेलर. शेफील्डचा, डावखुरा, ३१ वर्षांचा, तिसरं मानांकन. संघटनेचा सभासद असूनही खेळतोय, त्यामुळे तो कोर्टावर आला की सगळं मैदान त्याच्या पाठीशी उभं राहणार. नुसता घरचा म्हणून नव्हे. १९६७ आणि १९७० मध्ये इथे उपांत्य फेरी खेळलेला आहे, आणि ७० साली रॉड लेव्हरला त्याने याच गवतावर पाडलं. पण घरच्या प्रेक्षकांचं प्रेम चौथ्या सेटपर्यंत पंख देतं आणि पाचव्यात पायांत बेड्या घालतं. शिवाजी पार्कवर क्लबचा सामना पाहिलेल्या माणसाला हे समजावून सांगायला नको.

आणि मग दुसरं मानांकन. यान कोदेश, प्राग, वय २७.

इथे थांबा. रांग पुढे सरकली तर सरकू द्या. कोदेशचं नाव निघालं की डॉक्टर हात झटकतील. "तो मातीतला माणूस!" तसं सगळेच म्हणतात. १९७० आणि ७१ साली पॅरिसच्या लाल मातीवर तो जिंकला, तेव्हापासून ही चिठ्ठी त्याच्या कपाळावर चिकटली आहे. खुद्द त्यानेही गवतावरच्या टेनिसची टिंगल केली होती, ती लोकांच्या लक्षात आहे. टिंगल केली त्याच स्पर्धेत काय केलं, ते मात्र कोणी सांगत नाही. १९७१, फॉरेस्ट हिल्स. कोदेशला मानांकनच नव्हतं. पहिल्याच फेरीत समोर पहिला मानांकित जॉन न्यूकम्ब, त्या वर्षीचा विम्बल्डन विजेता. कोदेशने त्याला घरी पाठवलं आणि गवतावरून थेट अंतिम फेरीत गेला. तिथे स्मिथकडून हरला. आता गेल्या वर्षीच्या विम्बल्डनचे शेवटचे चार आठवा: स्मिथ, नास्तासे, ओरांतेस आणि कोदेश. उपांत्य फेरीत स्मिथने हरवलं तेही पहिला सेट गमावून.

म्हणजे बडे गडी हजर असताना हा माणूस गवतावर शेवटच्या दोघांत, शेवटच्या चौघांत होताच. ते गेले म्हणून हा वर आला, असा हिशेब बसत नाही. ते गेल्यामुळे एवढंच झालं, की मधला गलबला कमी झाला आणि तो उघड दिसायला लागला. मोकळ्या मैदानात सगळे नवा चेहरा शोधत असतात. बहुधा जुन्याच चेहऱ्यावरची चिठ्ठी काढून बघायची असते.

पेन्सिल त्याच्या नावाशी नेलीत खरी, पण तुमची नजर ड्रॉच्या त्याच्याच पाव भागात, चार बोटं वर, एका नावावर गेली आहे. विजय अमृतराज. मद्रासचा, एकोणीस वर्षांचा, सव्वासहा फुटांच्याही वर. मानांकन नाही. त्याच पाव भागातला मानांकित म्हणजे ऑस्ट्रेलियाचा ओवेन डेव्हिडसन, सातवा. रामनाथन कृष्णन १९६० आणि ६१ मध्ये लागोपाठ इथे उपांत्य फेरीत गेला होता. त्यानंतर भारतीयाचं नाव आठांतही आलं तर सणच. शिवाय हे वर्ष बरं चाललंय. क्रिकेटमध्ये वाडेकरच्या संघाने इंग्लंडला घरच्या मालिकेत २-१ असं हरवून चार-पाच महिनेच झाले आहेत, आणि डॉक्टर अजून इस्पितळात ते इंग्रजांना ऐकवतात.

"मग? पोराचं नाव घेता का?" डॉक्टर विचारतात.

फाटक आलं. सांगा काय ते. मी तुमच्या जागी असतो तर मन घट्ट करून कोदेश म्हटलं असतं. डॉक्टर खो-खो हसतात. "काढून ठेवा हो चहाचे पैसे!"

पहिले काही दिवस मी तुम्हाला वेगाने पुढे नेतो. गवताचा रंग बघत राहा, तेवढंच. सोमवारी ते गालिच्यासारखं आहे. आठवडाभरात बेसलाइनजवळ दोन टकलं पडतात आणि तिथून जाळीकडे पायवाट निघते, कारण जो तो सर्व्हिस करून जाळीकडे धावतो. पांढरा चेंडू दोनचार गेममध्ये शेवाळी होतो. बाजू बदलताना खेळाडूंना बसायला खुर्ची नाही. उभ्याउभ्या घोटभर पाणी, टॉवेलने मनगट पुसायचं, की चालले. लाकडी रॅकेटच्या तारा बोटांनी सरळ करत करत.

चौथ्या फेरीच्या दिवशी डॉक्टरांना शोधा. ते उभ्याच्या जागेत, छत्रीवर हनुवटी टेकून, गप्प असतील. नास्तासे गेला. सँडी मेयर नावाच्या अमेरिकन कॉलेजातल्या पोराने त्याला चार सेटमध्ये घरी पाठवलं. पैज अर्धी सुटली. डॉक्टर म्हणतात, "बघा, सांगितलं नव्हतं? ही स्पर्धाच नव्हे." गंमत अशी की तिकडे महिलांमध्ये आठच्या आठ मानांकित शिस्तीत उपांत्यपूर्व फेरीत पोचल्या आहेत. बिली जीन किंगने स्पर्धेच्या तोंडावर लंडनमध्येच सगळ्यांना एकत्र करून महिलांची संघटना काढली, आणि संघटना काढूनही सगळ्या खेळताहेत. तो ड्रॉ पेन्सिलीशिवाय भरता आला असता.

पुरुषांचे शेवटचे आठ वाचा: मेयर, फासबेंडर, मेत्रेवेली, कॉनर्स, टेलर, बोर्ग, कोदेश. आणि अमृतराज. पोराने डेव्हिडसनला काढलं.

आता वेग कमी करतो. कोदेश विरुद्ध अमृतराज हा सामना तुम्हाला पूर्ण बघायचा आहे, आणि बघताना तुमची पैज एकीकडे आणि छाती दुसरीकडे असणार आहे.

विजयची सर्व्हिस बघा. हात इतका वरून येतो की चेंडू झाडावरून पडल्यासारखा वाटतो. मग लांब तीन ढांगांत जाळीशी. समोर कोदेश बुटका, गुडघे वाकवलेला, मांजर दबा धरून बसतं तसा. रॅकेट मागे नेतच नाही म्हणा ना. चेंडू उसळायच्या आत नुसती पाती आडवी घालतो, आणि परतलेला चेंडू कुठे पडतो? धावत येणाऱ्या विजयच्या बुटांवर. सव्वासहा फुटांच्या माणसाला स्वतःच्या बुटाच्या नाड्यांवरून चेंडू उचलायला लावायचा. एकदा, दोनदा, दहादा. पहिल्या सेटमध्ये ते पुरतं, ६-४. मग विजय जाळीवरून ओणवा होऊन व्हॉली घालायला लागतो आणि पुढचे दोन सेट घेतो, ६-३, ६-४. तुमच्या शेजारी डॉक्टर छत्री आपटायला लागले आहेत. भारतीय असल्याचं त्यांना अचानक फार आठवलं आहे. तुम्हालाही. मातीतला माणूस गवतावर घसरला, असं आजूबाजूचे म्हणू लागतात.

कोदेशच्या चेहऱ्याकडे बघा. तिथे काही नाही. घाईही नाही. पॅरिसला दोनदा जिंकलेला माणूस पाच सेट म्हणजे काय ते अंगाने ओळखतो. तीन सेट झाले म्हणजे त्याच्या लेखी दुपार झाली, संध्याकाळ अजून व्हायची आहे. चौथा सेट ६-३ असा त्याचा. पाचवा सेट. ८-८ झाल्यावर टायब्रेकर घ्यायचा नियम इथे दोन वर्षांपूर्वी आला, पण पाचव्या सेटला तो नाही, त्यामुळे हा किती लांबेल सांगता येत नाही. पाच-पाच. तुम्ही कोदेशचं नाव घेतलं होतं, विसरला नाहीत ना? आता विजयसाठी नवस बोलताय. असू दे, मीही बोललो असतो. शेवटी ७-५. कोदेश. विजय जाळीशी येऊन हात मिळवतो. एकोणीस वर्षांच्या मुलाच्या मानाने फार सरळ मानेने.

डॉक्टर बराच वेळ काही बोलत नाहीत. मग म्हणतात, "लंगडी नव्हती हो."

तिकडे टेलरने बोर्गला पाच सेटमध्ये काढलं, शेवटचा ७-५. उपांत्य फेरीत कोदेशने टेलरला पाच सेटमध्ये काढलं, शेवटचा पुन्हा ७-५. घरच्या मैदानाबद्दल मी रांगेत काय म्हणालो होतो, आठवा. वरच्या बाजूने, बारीक रेघ मारलेला मेत्रेवेली कॉनर्सला आणि मेयरला मागे टाकून आला.

शनिवार, ७ जुलैचा अंतिम सामना मी चार ओळींत उरकतो, कारण तो तेवढ्याच लायकीचा आहे. ६-१, ९-८, ६-३. दुसऱ्या सेटच्या टायब्रेकरमध्ये मेत्रेवेली जवळ आला, तेवढाच काय तो दम. कोदेशला ५,००० पौंड. चांदीचा कप डोक्यावर. सबंध स्पर्धेला तीन लाखांवर लोक आले होते. बडे गडी नसताना! त्याचं काय करायचं ते खेळाडूंच्या संघटनेने आणि महासंघाने ठरवावं.

फाटकाबाहेर डॉक्टर चहा पाजतात. पाजताना मात्र पुन्हा जुनी म्हण काढतात, थोडी दुरुस्ती करून: "बरं, लंगडी नव्हती. पण वासरं तरी होतीच ना?"

वाद घालू नका. त्यांना फक्त सप्टेंबरपर्यंत थांबायला सांगा. फॉरेस्ट हिल्सला, गवतावर, बहिष्कार घालणारे सगळे परत आलेले असतील. तिथे उपांत्य फेरीत कोदेश स्टॅन स्मिथला पाच सेटमध्ये हरवेल, आणि अंतिम फेरीत न्यूकम्बविरुद्ध दोन सेट विरुद्ध एक असा पुढे जाऊन ६-४, १-६, ४-६, ६-२, ६-३ असा हरेल. १९७३ मध्ये विम्बल्डन आणि फॉरेस्ट हिल्स या दोन्ही ठिकाणी एकेरीचा अंतिम सामना खेळलेला पुरुष एकच, यान कोदेश.